जुळणी साखळी चालते कशी? लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याच्या निमित्ताने

नांदेड : मराठवाड्याला कारखाने नवे नाहीत. साखर कारखाने, डाळ मिल, तेल गिरण्या, सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या यांच्या आधारावर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील बाजारपेठा वाढल्या. मात्र २५ डिसेंबर २०२० रोजी लातूरनजीकच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि या भागात एका वेगळ्याच प्रकारच्या उत्पादनाची ओळख झाली. बाहेरून आलेले हजारो सुटे भाग ठरलेल्या क्रमाने एकत्र आणून त्यांतून एक वस्तू उभी करणे, हे या कारखान्याचे काम आहे. ज्या पद्धतीने ते केले जाते तिला ‘असेंब्ली लाइन’ म्हणजेच जुळणी साखळी म्हणतात.

घरातील फ्रिज, रस्त्यावरील मोटारसायकल, खिशातील मोबाइल फोन या साऱ्या वस्तू याच पद्धतीने तयार होतात. तरीही ही साखळी नेमकी चालते कशी, ती अडते कोठे आणि ज्या गावात ती उभी राहते त्या गावाच्या पदरात काय पडते, याविषयी फारशी माहिती सर्वसामान्यांना नसते. लातूरच्या कारखान्याकडे रोजगाराच्या अपेक्षेने पाहणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी ती करून घेणे उपयुक्त ठरेल.

डाळ मिल आणि जुळणी कारखाना

लातूरची डाळ मिल हे प्रक्रिया उद्योगाचे उत्तम उदाहरण होय. तूर मिलमध्ये येते, चाळली जाते, रोलरवर घासली जाते, तेल-पाणी देऊन वाळविली जाते आणि मग भरडली जाते. शेवटी डाळ, चुनी आणि टरफल वेगवेगळे होतात. एका मालाचे अनेक माल होतात. साखर कारखान्यातही एका उसापासून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड निघते.

जुळणीचा कारखाना याच्या नेमका उलट असतो. येथे अनेकांचे एक होते. हा फरक केवळ तांत्रिक नाही. तुरीची आवक निम्मी झाली तर डाळ मिल निम्म्या क्षमतेने चालते. काम कमी होते, पण जी डाळ निघते ती पूर्ण असते. जुळणी कारखान्यात शंभरातील नव्याण्णव भाग आले आणि एक आला नाही, तर हाती अपूर्ण वस्तू उरते. ती विकताही येत नाही आणि जागाही अडवून बसते.

दुसरा फरक स्थानिकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. डाळ मिलचा कच्चा माल परिसरातील शेतातून येतो, म्हणून मिल चालली की पैसा आपोआप खेड्यापर्यंत पोहोचतो. जुळणी कारखान्याचे सुटे भाग मात्र पुणे, चेन्नई किंवा थेट परदेशातूनही येऊ शकतात. तसे झाले तर गावाला मिळते ती फक्त मजुरी. कारखाना गावात असणे आणि उद्योग गावात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कत्तलखान्यातून मोटारीपर्यंत

जुळणी साखळीची कल्पना एका दिवसात जन्मली नाही. त्यासाठी आधी एक अट पूर्ण व्हावी लागली. एकाच प्रकारचे सुटे भाग तंतोतंत सारखे असले पाहिजेत. हाताने घडविलेल्या वस्तूत प्रत्येक भाग दुसऱ्याला घासून-पुसून बसवावा लागे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बंदुकांच्या कारखान्यांनी मापाच्या गेजने तपासलेले, अदलाबदल करता येणारे भाग बनविण्याचे तंत्र विकसित केले, तेव्हा जुळणीच्या कामातील कानस मागे पडली.

दुसरी प्रेरणा शिकागोच्या कत्तलखान्यांतून आली. तेथे डोक्यावरील रुळाला टांगलेले जनावर एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकत जाई आणि प्रत्येक जण एकच ठरलेला भाग कापून काढी. आपल्या साखळीची कल्पना याच पद्धतीवरून सुचल्याचे हेन्री फोर्ड यांनी नमूद केले आहे. जनावराचे भाग सुटे होत असतील, तर त्याच रीतीने मोटारीचे भाग जोडता येतील, असा हा उलटा विचार होता.

रॅन्सम ओल्ड्स यांनी १९०१ च्या सुमारास मोटारनिर्मितीत टप्प्याटप्प्याने जुळणीची पद्धत वापरली होती. तिला सरकत्या साखळीचे रूप दिले ते फोर्ड यांच्या डेट्रॉइटनजीकच्या हायलँड पार्क कारखान्याने, १९१३ मध्ये. इंजिनाला ठिणगी पुरविणारा मॅग्नेटो हा भाग पूर्वी एक कामगार सुमारे २० मिनिटांत जोडत असे. ते काम २९ जणांत विभागून पट्ट्यावर ठेवले, तेव्हा दर नगामागे १३ मिनिटे लागू लागली. पुढे पट्ट्याची उंची आणि वेग जुळविल्यावर हा वेळ ५ मिनिटांवर आला. संपूर्ण गाडीच्या चॅसीच्या जुळणीला सुमारे साडेबारा तास लागत, ते १९१४ मध्ये १ तास ३३ मिनिटांवर आले. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी ‘मॉडेल टी’ १९२५ मध्ये २६० डॉलरपर्यंत उतरली.

या बदलाचे सूत्र सोपे होते. कामगाराने कामाकडे जायचे नाही, काम कामगाराकडे यायचे. हत्यार आणायला जाणे, भाग शोधणे, वाकणे, उचलणे यांत जाणारा वेळ वाचला आणि तो उत्पादनात जमा झाला.

रेल्वेचा डबा कसा जुळतो?

मोटारसायकलची साखळी सतत सरकत असते. रेल्वेचा डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांबीचा आणि अनेक टन वजनाचा असल्याने त्याची साखळी सरकते ती टप्प्याटप्प्याने. डबा एका ठिकाणी थांबतो, तेथील काम पूर्ण होते आणि मग क्रेनने किंवा आडव्या सरकणाऱ्या ट्रॅव्हर्सरने तो पुढच्या ठिकाणी नेला जातो. या प्रत्येक ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणतात; प्रवाशांच्या स्थानकाशी त्याचा संबंध नाही.

कामाचा क्रम साधारणतः असा असतो. खालचा सांगाडा अर्थात अंडरफ्रेम, दोन्ही बाजूंच्या भिंती, छत आणि टोकाच्या भिंती या स्वतंत्रपणे तयार होतात. प्रत्येकीसाठी ‘जिग’ म्हणजे भाग अचूक जागी घट्ट धरून ठेवणारा साचा असतो. नंतर मुख्य जिगमध्ये हे सारे एकत्र बसवून वेल्डिंग केले जाते. आधुनिक डब्यांत स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे वापरतात आणि उष्णतेने ते वाकतात. म्हणून वेल्डिंग कोणत्या क्रमाने करायचे हेसुद्धा आधीच ठरलेले असते. येथवर तयार होतो तो ‘शेल’. लातूरमधून २०२० मध्ये बाहेर पडला तो हाच टप्पा होता.

शेल तयार झाला म्हणजे निम्मेच काम झाले. पुढे रंगकाम, उष्णता व आवाज रोखणारे अस्तर, जमीन, विजेच्या तारांचे जाळे, पाण्याच्या व ब्रेकच्या नळ्या, खिडक्या, आतील पॅनेल, आसने किंवा बर्थ, शौचालये आणि वातानुकूलन यंत्रणा असा क्रम असतो. सर्वांत शेवटी डबा उचलून बोगींवर ठेवतात. बोलीभाषेत आपण संपूर्ण डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाके, आस आणि स्प्रिंग असलेला गाडा. त्यानंतर पाण्याचा मारा करून गळती तपासणे, ब्रेकची चाचणी, विजेची चाचणी आणि रुळावरील धाव, अशा परीक्षा होतात.

या क्रमात उलटापालट चालत नाही. पॅनेल बसविल्यावर एखादी तार राहिल्याचे लक्षात आले, तर पॅनेल काढून पुन्हा बसवावे लागते. म्हणूनच साखळीवर तार वेळेत न येणे हा तारेपुरता प्रश्न राहत नाही.

वेळेचे गणित

जुळणी साखळीचा खरा कणा यंत्र नसून वेळ आहे. ग्राहकाला ठरावीक काळात किती नग हवेत, त्यावरून दर किती वेळाने एक नग बाहेर पडला पाहिजे हे ठरते. या वेळेला ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात.

लातूरच्या कारखान्याची पहिल्या टप्प्यातील नियोजित क्षमता वर्षाला २५० डब्यांची आहे. उदाहरणादाखल वर्षाचे ३०० कामाचे दिवस आणि दररोज आठ तासांच्या दोन पाळ्या धरल्या, तर वर्षाला ४,८०० तास होतात. त्यास २५० ने भागले असता १९.२ तास मिळतात. म्हणजे दर १९ तास १२ मिनिटांच्या कामानंतर एक डबा बाहेर पडला पाहिजे. याचा अर्थ एक डबा १९ तासांत तयार होतो असा नव्हे. साखळीवर १० स्टेशने असतील, तर एका डब्याला आरंभापासून शेवटापर्यंत १९२ तास, म्हणजे दोन पाळ्यांच्या हिशेबाने १२ दिवस लागतील. परंतु दहाही डबे एकाच वेळी पुढे सरकत असल्याने शेवटच्या दारातून दर १९.२ तासांनी एक डबा निघत राहील.

आता समजा, नऊ स्टेशनांचे काम वेळेत होते. पण तारा जोडण्याच्या एका स्टेशनवर १९.२ ऐवजी २४ तास लागतात. मग संपूर्ण कारखान्याचा वेग २४ तासांना एक डबा असा होतो. ४,८०० तासांत २०० डबे निघतात आणि वर्षाला ५० डबे कमी पडतात. इतर नऊ ठिकाणी कितीही कुशल माणसे आणि कितीही महाग यंत्रे असली तरी हा आकडा बदलत नाही. अशा स्टेशनला ‘बॉटलनेक’ म्हणतात. तेथील कामाचा काही भाग शेजारच्या स्टेशनकडे देणे, माणसे वाढविणे किंवा काही जुळणी साखळीबाहेर आधीच करून ठेवणे, हे त्यावरील उपाय होत. या समतोलासाठीच उत्पादन अभियंते घड्याळ आणि कागद घेऊन साखळीवर फिरत असतात.

साखळी थांबविण्याचा अधिकार

फोर्डच्या काळात साखळी थांबणे हा गुन्हा मानला जाई. दोष राहिलेली गाडी पुढे जाई आणि शेवटी दुरुस्त केली जाई. जपानच्या टोयोटा कंपनीने याच्या उलट मार्ग धरला. तिचे मूळ कापडाच्या मागात होते. साकिची टोयोडा यांनी तयार केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. उस्मानशाही गिरणीच्या आठवणी असलेल्या नांदेडकरांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. धागा तुटूनही माग चालत राहिला, तर सारे कापड वाया जाते.

हेच तत्त्व मोटारींच्या साखळीवर आले. दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागतो, पर्यवेक्षक धावत येतो आणि ठरलेल्या वेळेत दोष दूर झाला नाही तर साखळी थांबते. ताइइची ओनो यांनी त्याला आणखी एक जोड दिली. सुटे भाग ढिगाने साठवायचे नाहीत, लागतील तेव्हा आणि तेवढेच मागवायचे. यामुळे भांडवल अडकत नाही. मात्र पुरवठादार दूर असेल किंवा रस्ता बंद पडला, तर कारखाना काही तासांत थांबू शकतो. त्यामुळे या पद्धतीत पुरवठादार कारखान्याच्या आसपास असणे गरजेचे ठरते.

माणसाचे काय?

वेगाची किंमत माणसाने मोजली, हेही नोंदविले पाहिजे. तेच ते काम दिवसभर करण्याला कंटाळून फोर्डचे कामगार इतक्या वेगाने नोकरी सोडत की १९१३ मध्ये कामगार-गळतीचे प्रमाण ३७० टक्के झाले होते. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाला ५ डॉलरचे वेतन आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७४ मध्ये काल्मार येथे लहान गटांकडे मोठे काम सोपविण्याचा प्रयोग केला. त्याने जगाचे लक्ष वेधले, पण हा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला.

भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या आठवड्यावर ४८ तासांची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, तरी ही मर्यादा कायम आहे. कामाची जागा योग्य उंचीवर असणे, ठरावीक काळाने कामाची अदलाबदल होणे आणि वेल्डिंगच्या धुरापासून संरक्षण मिळणे या गोष्टी उत्पादनाच्याही हिताच्या असतात. दमलेला कामगार ज्या स्टेशनवर उभा असतो, तेच पुढे बॉटलनेक ठरते.

लातूरची वाटचाल

लातूरच्या कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले. बांधकामाची जबाबदारी रेल विकास निगमकडे होती आणि दोन-अडीच वर्षांत शेड, वीज उपकेंद्र आणि हरंगुळ स्थानकाला जोडणारे रूळ तयार झाले. एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवर अवलंबून असलेल्या शहरासाठी ही मोठी झेप होती. मात्र एक सांगाडा तयार करणे आणि दर १९ तासांनी एक डबा बाहेर काढणे यांत मोठे अंतर असते. शेडबरोबर ऑर्डर, आराखडा, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि पुरवठादार हे सारे एकाच वेळी हवे असते. पुढील काही वर्षे येथे नियमित मालिका-उत्पादन उभे राहिले नाही, याचे कारण यातच दडले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये चित्र बदलले. रेल विकास निगम आणि रशियन कंपन्यांच्या भागीदारीतील किनेट रेल्वे सोल्युशन्स या कंपनीशी ‘वंदे भारत’ शयनयान गाड्यांसाठी करार झाला. १६ डब्यांच्या १२० गाड्या, म्हणजे १,९२० डबे तयार करणे आणि ३५ वर्षे त्यांची देखभाल करणे असे त्याचे स्वरूप आहे. वर्षाला २५० डबे या वेगाने एवढे काम पूर्ण व्हायला पावणेआठ वर्षे लागतील, हे वरील गणितावरून कळते. क्षमता वाढविण्याची गरज त्यातूनच निर्माण होते.

करारानंतर गाडीत डबे १६ असावेत की २४, शौचालये आणि पॅन्ट्रीची रचना कशी असावी, यावर बराच काळ चर्चा चालली. बाहेरून किरकोळ वाटणारा असा बदल साखळीच्या दृष्टीने किरकोळ नसतो. आराखडा कायम झाल्याशिवाय जिग बनत नाही, जिगशिवाय स्टेशन ठरत नाही आणि स्टेशन ठरल्याशिवाय पुरवठादाराला ऑर्डर देता येत नाही.

वाळूजचा धडा

मराठवाड्यात याआधी असे घडले आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झाला. दुचाकी-तीनचाकींच्या या साखळीला लागणारे प्रेसचे भाग, रबर, प्लॅस्टिक आणि तारांचे संच पुरविणारे लहान-मोठे कारखाने भोवती उभे राहिले. पुढे हेच पुरवठादार इतर कंपन्यांसाठीही माल बनवू लागले. अशा रीतीने एका साखळीने परिसराला कसब दिले आणि ते कसब एका कंपनीपुरते राहिले नाही.

लातूरपुढे प्रश्न आहे तो हाच. आसनांचे सांगाडे, आतील पॅनेल, तारांचे संच, नळ्या आणि रबरी पट्ट्या यांसारखी कामे लातूर, नांदेड, उदगीर परिसरातील लघुउद्योगांना जमण्यासारखी आहेत. मात्र रेल्वेच्या दर्जाच्या चाचण्या कडक असतात आणि मान्यता मिळण्यास वेळ लागतो. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे अभ्यासक्रम दोन्ही जिल्ह्यांत आहेत. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन या संस्थाही जवळ आहेत. स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे जोडण्याचे वेल्डिंग आणि तारांच्या जुळणीचे शिक्षण या संस्थांतून वेळेत मिळाले, तर बाहेरून माणसे आणण्याची वेळ येणार नाही. ‘लातूर पॅटर्न’ने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी जी शिस्त दाखविली, तिची गरज आता वर्कशॉपमध्येही आहे.

म्हणून कारखान्याच्या यशाची मोजदाद करताना बाहेर पडलेल्या डब्यांबरोबर आणखी दोन आकडे पाहावे लागतील. त्या डब्यांतील किती सुटे भाग मराठवाड्यात तयार झाले हा एक, आणि साखळीवरील किती कायम कामगार या भागातील आहेत हा दुसरा. वाळूजला अशी पुरवठादारांची फळी उभी राहायला कित्येक वर्षे लागली. लातूर आणि नांदेडला ती हवी असेल, तर तिची तयारी शंभरावा डबा बाहेर पडण्याची वाट न पाहता, साखळी उभी राहत असतानाच सुरू व्हायला हवी.